बिनआवाजाची गाडी

टेम्पोतून गाडी खाली उतरवली तसे कासदेकरकाका वाकून तिच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधायला लागले. चाकाच्या आऱ्यांतून पाहिलं, सीटखाली हात घातला, मग उभे राहून मला म्हणाले, "म्याडम, हिचा सायलेन्सर कुठी गेला?"

रेंजर साहेबांना हसू आलं. हिला सायलेन्सर लागत नाही, ही विजेवर चालते, हिचा आवाजच नाही, असं त्यांनी समजावलं. काकांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. जनावराला जसं दोन दिवस बांधून ठेवून बघतात, तसे ते गाडीकडे लांबूनच बघत राहिले.

गाडी होतीच तशी चमत्कारिक. सायकल म्हणावी तर उचलायला दोघं लागत होते, मोटरसायकल म्हणावी तर पॅडल होते. टायर माझ्या मांडीएवढे जाड. रंग सुकलेल्या पानांचा, ठिपक्या-ठिपक्यांचा. आणि पुढे हँडलपाशी एक वाकडा लोखंडी हात. तो कशासाठी, असं मी विचारल्यावर साहेब म्हणाले, तो बंदूक अडकवायला. ही गाडी परदेशात शिकाऱ्यांसाठी बनवलेली. जनावराला चाहूल न लागता त्याच्यापर्यंत पोचता यावं, हाच तिचा गुण. "शिकाऱ्यांची गाडी आपण शिकारी पकडायला वापरायची," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटेतच ठरवलं असणार.

कुठल्याशा कंपनीने अशा दोन गाड्या वापरून बघायला दिल्या होत्या. एक साहेबांनी माझ्या कुटीवर, म्हणजे जंगलातल्या चौकीवर, आणली, कारण आमच्याकडे सौर पॅनल नवीन होते आणि माझं बीट, गस्तीचा पट्टा, सगळ्यात लांबचं. पावसाळ्यापर्यंत चालवा, म्हणाले, आणि मग चांगलं काय, वाईट काय, मला तोंडावर सांगा. चांगली निघाली तर प्रत्येक कुटीवर एक येईल. "मग एका बीटवर दोन माणसं फिरवायची गरज उरणार नाही," हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा मेळघाटात वनरक्षक होते. माझं नाव शैला ठोसर, गाव बुलढाण्याकडचं. ती बदली शिक्षा म्हणून झाली असं ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, पण ती मी मागून घेतली होती. लग्न मोडलं होतं. मोडल्याचं दुःख एक वेळ सोसवलं असतं, पण त्याबद्दल लोक जे विचारत ते सोसवत नव्हतं. बहिणीशी, सुलूशी, त्यावरूनच बोलणं तुटलं. ती एवढंच म्हणाली होती की एकदा परत जाऊन बघ. मी फोन ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. मला अशी जागा हवी होती जिथे विचारणारं कोणी नसेल.

तशी जागा मिळाली, फक्त कासदेकरकाका सोडून. काका वनमजूर. जवळच्या ढाण्यावरचे, म्हणजे वाडीवरचे, कोरकू, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने वाळल्या सागासारखे. रोज सकाळी आम्ही दोघं पायी गस्तीला निघायचो आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत काकांचं तोंड चालू असायचं. कुठल्या मोहाखाली त्यांची बायको पहिल्यांदा भांडली, कुठल्या नाल्यात त्यांच्या भावाची गाय गेली, कुठल्या साली अस्वलाने कोणाचं टाळकं फोडलं. ते मला काही विचारत नसत, हे खरं. पण दुसऱ्याच्या बोलण्याचंही ओझं होतं. काही दिवशी वाटायचं, हा माणूस कुटीपासून पहिल्या वळणापर्यंत तरी गप्प बसेल का.

गाडीने तो प्रश्न सोडवला. तिच्यावर एकाचीच जागा होती.

खोटं कशाला सांगू, पहिले काही आठवडे मला त्या गाडीचं वेड लागलं होतं. जे बीट पायी दोन तुकड्यांत करायला लागायचं, ते एका सकाळी व्हायचं. टाचा दुखणं थांबलं. आणि जंगल असं दिसायला लागलं जसं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. पायी जाताना, तेही बोलत जाताना, जनावरं आमच्या आधी निघून गेलेली असायची, आम्हाला त्यांच्या शेपट्या दिसायच्या. आता वळण घेतलं की समोर गवा उभा, तोंडात गवत, आणि त्याला मी आल्याचा पत्ताच नाही. एकदा रानकुत्र्यांचं अख्खं टोळकं वाळूत लोळत होतं, मी पलीकडे उभी राहून कितीतरी वेळ पाहत होते. वाईट बाजूही होती. चढाला बॅटरी भराभर उतरायची, दगडी नाल्यात गाडी उतरून ढकलत न्यायची वेळ यायची, आणि एकदा एका डुकरिणीच्या इतकी जवळ जाऊन पोचले की दोघीही घाबरलो. पण फायदा-तोटा मांडला की फायद्याचंच पारडं खाली जायचं. साहेबांना काय सांगायचं ते माझं ठरून गेलं होतं.

काकांना मी सांगितलं होतं की तुम्ही कुटीवर थांबा, पाणी भरा, आराम करा. ते बरं म्हणाले. मी निघताना ते अंगणात झाडू मारत असायचे, मी परत यायचे तेव्हा चुलीपाशी बसलेले असायचे. त्यांचं बोलणं हळूहळू कमी झालं. मला ते जाणवलं, पण मी त्याला शांतता म्हटलं.

एप्रिलचे दिवस होते. मोह गळून संपला होता, साग उघडाबोडका झाला होता. पाणी फक्त खोल खोऱ्यातल्या एका झिऱ्यात उरलं होतं, म्हणून दुपारच्या जेवणानंतर मी पुन्हा तिकडे एक फेरी मारायची. त्या दिवशी उतारावर मोटर बंद करून गाडी नुसती सोडली होती. झिऱ्याच्या वरच्या वळणावर आले आणि खाली दोन माणसं दिसली.

एक झुडपांमध्ये उकिडवा बसून मोटरसायकलच्या क्लचवायरचा फास बांधत होता. दुसरा वायरचं भेंडोळं धरून उभा होता. गाडी तशीच आवाज न करता खाली सरकत गेली आणि मी त्यांच्या पाठीशी इतकी जवळ पोचले की फास बांधणाऱ्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. गाडी खरोखरच तिच्या कामाची निघाली होती. त्यांना चाहूलही लागली नव्हती.

मी हटकलं. उभा असलेला माणूस भेंडोळं टाकून असा पळाला की मागे वळूनही पाहिलं नाही. बसलेला उठला, माझ्याकडे वळला, दचकून मागे सरला, आणि मागे जमीनच नव्हती. झिऱ्याच्या कडेची दरड त्याच्या पायाखालून सुटली आणि तो दगडांवरून गडगडत खाली गेला. मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला.

मी खाली उतरले. चाळिशीचा माणूस होता, धोतर-बंडी, गळ्यात काळा दोरा. उजवा पाय नडगीत मोडून भलतीकडे वळला होता आणि तिथून रक्त येत होतं. नाव विचारलं तर हिरामण म्हणाला. मी माझी ओढणी फाडली, दोन सरळ फांद्या लावून पाय बांधला. बांधताना तो ओरडला नाही, पळालेल्या माणसाच्या वाटेकडे बघत राहिला. तो कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, साडू आहे, येईल तो. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, येईल.

वॉकीटॉकी त्या खोऱ्यात कधीच लागत नसे, त्या दिवशीही लागली नाही. शिट्टी असायची ती काकांच्या गळ्यात. शिकारीच्या गाडीला हॉर्न कुठला असणार? माझ्याकडे एकच मार्ग होता. गाडीवर बसून कुटी गाठायची, संदेश द्यायचा, माणसं घेऊन परत यायचं. गाडी वेगाने जाईल, पण परत येताना माणसं पायीच येणार, म्हणजे अंधार होणार. आणि तो झिरा जनावरांचा. सकाळीच मी तिथल्या ओल्या मातीत पिल्लाला घेऊन आलेल्या अस्वलाची पावलं पाहिली होती.

तरी मी निघाले. निघणंच शहाणपणाचं होतं. मी त्याला सांगितलं की माणसं घेऊन येते. तो म्हणाला, "बाई, एकट्याले टाकून जाऊ नोका." मी म्हटलं, न जाऊन कसं चालेल? गाडीवर दोघं बसत नाहीत. त्याने गाडीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

गाडी वर ढकलत वळणापर्यंत नेली, बसले, मोटर चालू केली. आणि तेव्हा खालून त्याचं बोलणं ऐकू आलं. साधी मोटरसायकल असती तर तिच्या भडभडाटात मला काही ऐकू आलं नसतं आणि मी निघून गेले असते. पण ही गाडी गप्प होती. मी गेले की आहे, हे त्याला कळत नव्हतं. त्याला वाटलं, गेले.

तो मदतीला हाका मारत नव्हता. तो स्वतःशीच बोलत होता, दोन आवाजांत. एका आवाजात विचारत होता, दुसऱ्यात उत्तर देत होता. "येते का रे ती?" "येते न. सांगून गेली." "साडू?" "तोबी येते. मानूस घेऊन येते." "पानी पेतं का?" "राहू दे, मंग पेतो." आणि पुन्हा पहिल्यापासून, "येते का रे ती?"

मी हँडल धरून तशीच बसून राहिले. ते मला ओळखीचं होतं. संध्याकाळी काका ढाण्यावर घरी गेले आणि कुटीत दिवा लावला की मीही असंच करायचे. शैला, भात टाकू का? टाक थोडा. मीठ आहे का? आहे, उद्यापुरतं. किती महिने हे चाललं होतं, मला सांगता आलं नसतं. मला ते बोलणं वाटतच नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की हे काय आहे.

मी गाडी झाडाला टेकवली आणि खाली उतरले.

मला पाहून त्याचा चेहरा सैल पडला. मी त्याला बाटलीतलं पाणी पाजलं आणि सावलीत सरकवलं. मग आम्ही बसलो. सुरुवातीला मी वनरक्षक होते आणि तो आरोपी. फास किती लावले, मटण कुठे विकणार होता, सगळं विचारलं, त्याने सगळं सांगितलं. ते संपलं आणि दुपार अजून बरीच शिल्लक होती. मग त्यानेच विचारलं, तुम्ही या जंगलात एकट्या राहता का? मी हो म्हटलं. भीती नाही वाटत? जनावरांची नाही वाटत, म्हटलं.

"घरी कोन हाय?"

"बहीण आहे."

"तिले मालूम हाय, तुमी कुठं राहता?"

मी नाही म्हटलं. त्याने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. आधी पाहिलं नव्हतं तसं. फास लावणारा तो, पाय मोडलेला तो, पण त्या क्षणी कीव त्याला माझी आली होती. त्याने का म्हणून विचारलं नाही. आणि त्याने विचारलं नाही म्हणून की काय, मी सांगत सुटले. लग्नाचं, सुलूचं, त्या फोनचं. ज्या गोष्टी विचारतील म्हणून मी माणसांपासून पळून आले होते, त्या मी एका शिकाऱ्याला झिऱ्याकाठी बसून सांगितल्या. तो मधून मधून हुंकार देत होता. वेदनेचा होता की ऐकल्याचा, कळत नव्हतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "वापस जाय म्हनली, वाईट म्हनली. पन म्हनायले तरी कोनी होतं तुमाले." आणि परत साडूच्या वाटेकडे बघायला लागला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा अस्वल आलं. पलीकडच्या काठावरच्या झुडपातून आधी फुसफुस ऐकू आली, मग ती मोठी काळी मादी बाहेर आली, पाठीवर पिल्लू. वारा तिच्याकडून आमच्याकडे होता, तिला आमचा वास नव्हता. ती पाण्याकडे सरळ चालत होती, म्हणजे आमच्याकडेच. हिरामणला हलता येत नव्हतं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले.

पहिल्यांदा आवाज निघालाच नाही. घशातून नुसती खरखर आली. कित्येक महिन्यांत मी मोठ्याने एक हाकही मारली नव्हती. मग खालून हिरामण ओरडायला लागला, झोपल्या जागेवरून, हो हो हो करत, आणि त्याच्या आवाजाला धरून माझा आवाज वर आला. आम्ही दोघं जीव खाऊन ओरडत होतो. मी काठी दगडावर आपटत होते. अस्वल थांबलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, आमच्याकडे नाक करून पाहिलं. तो क्षण फार लांबला. मग ती खाली टेकली आणि पिल्लासकट आली त्या झुडपात परत गेली.

ती गेली तरी आम्ही ओरडत होतो. आणि आमच्या ओरडण्यात वरून शिट्टी वाजली.

कासदेकरकाका वळणावर उभे होते. धापा टाकत खाली आले, आधी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग हिरामणला. मला वाटलं कुटीवर काहीतरी झालं म्हणून ते आले असतील. मी विचारलं, तुम्ही इथे कसे?

"रोजच येतो," काका म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी गाडीवर निघाले की ते झाडू ठेवायचे आणि टायरच्या खुणा धरून मागे चालत यायचे. सकाळी असो की दुपारी. पूर्ण बीट त्यांना गाठता यायचं नाही, पण एक जागा होती, टेकाडावर, जिथून खालचा रस्ता दिसतो. तिथे बसून राहायचे. मी परत फिरताना दिसले की आडवाटेने उतरून माझ्या आधी कुटीवर पोचायचे आणि चूल पेटवायचे. आज मी परत फिरताना दिसले नाही, म्हणून ते पुढे आले.

"मला सांगितलं का नाही?"

काका हिरामणचा पाय तपासत होते. वर न बघता म्हणाले, "तुमाले एकटंच बरं वाटे. म्हनून नाई सांगतलं."

काकांनी शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि ढाण्यावरून माणसं आणायला निघून गेले. दिवस मावळायच्या बेताला बाज घेऊन माणसं आली. हिरामणला बाजेवर घातलं. त्याचा साडू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढे कोर्टातही नाही.

गुन्हा मी नोंदवला. फास जप्त केले, पंचनामा केला, काही झाकलं नाही. हिरामणला शिक्षा झाली. त्याने मला दोष दिला नाही आणि मीही त्याच्यासाठी रदबदली केली नाही. कोर्टाच्या ओसरीत तो कुबडीवर उभा होता. मला पाहून त्याने विचारलं, बहिणीला कळवलं का? मी हो म्हटलं. तोपर्यंत ते खरं झालं होतं.

साहेब खूश होते. नव्या गाडीने पहिल्याच उन्हाळ्यात शिकारी पकडून दिला, याचा फोटो काढायला त्यांनी माणूस पाठवला. मग मला ऑफिसात बोलावून विचारलं, आता सांगा, चांगलं काय आणि वाईट काय. मी चांगलं सगळं सांगितलं. लांब जाते, दमवत नाही, चाहूल लागत नाही, त्या दिवशी दुसरी कुठलीही गाडी असती तर फास लावणारा हाती लागला नसता. वाईटात बॅटरी, चढ, दगड सांगितले. आणि मग म्हटलं, "साहेब, तिच्यावर एकच माणूस बसतो."

साहेब म्हणाले, मागे सीट लावून घेऊ.

मी म्हटलं, तेवढ्याने नाही होणार. जंगलात माणसाला काही झालं तर एकाने जायचं असतं आणि एकाने थांबायचं असतं. एकटा माणूस यातलं एकच करू शकतो. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट दोन-तीनदा फिरवला. कासदेकरसाठी बोलताय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी बोलतेय.

दोन्ही गाड्या पुढे सपाटीवरच्या एका रेंजला गेल्या. तिथे रस्ते चांगले, माणसं जवळ-जवळ. तिथे त्यांचा चांगला उपयोग होतो असं मी नंतर ऐकलं, आणि ते खरंही असेल.

गाडी नेली त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं पुन्हा पायी निघालो. काका पुढे, मी मागे. टेकाडावर आलो, जिथून खालचा रस्ता दिसतो. तिथे एका सालईच्या बुंध्याशी गवत दबून बसकण झाली होती. मी ती पाहिली. काकांनी पाहिली नसल्यासारखं केलं. त्याच जागी मोबाइलला थोडी रेंज लागायची. मी काकांना म्हटलं, जरा थांबता का? ते काही न विचारता पुढे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, दगडावर बसले.

सुलूचा नंबर मला पाठ होता. बरीच रिंग वाजली. मग तिने उचलला. मी नुसतं "सुलू" म्हटलं. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी मूल काहीतरी मागत होतं, भांडं पडलं. मला वाटलं, आता ती ठेवणार.

"थांब," ती म्हणाली. "ठेवू नकोस. गॅस बारीक करून येते."

मी थांबले.